फलाफलची ओटी

जगाच्या नकाशावर असा एकही देश नाही, ज्याच्या स्वयंपाकघरात माझी धाकटी आत्या शिरलेली नाही. तेही डोंबिवली पूर्वेच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरातून, पायात रबरी सपाता घालून आणि पासपोर्ट नावाची वस्तू आयुष्यात कधी हातात न धरता. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सिमला-मनालीची सहल, आणि तिथेही ती बर्फ बघायचा सोडून हॉटेलच्या आचाऱ्याला मोमोच्या पारीत मोहन घालतात का, ते विचारत बसली होती. काका, म्हणजे आत्याचे यजमान, अजून सांगतात, "बर्फातल्या प्रत्येक फोटोत मी एकटाच आहे. लोकांना वाटतं, हिने पाठवलं आणि स्वतः आली नाही." आमच्या घराण्यातली बाकीची मंडळी नोकरीनिमित्त दुबई-सिंगापूर फिरून आली आणि तिथेही वरणभातच शोधत राहिली. आत्याने मात्र घरबसल्या सगळं जग भाजलं, तळलं आणि आम्हा भाचरंडांच्या ताटात वाढलं.

तिचा एक पक्का सिद्धांत आहे. जगातला प्रत्येक पदार्थ मुळात आपलाच. तो फक्त शिकायला बाहेर गेला आणि नाव बदलून परत आला. पास्ता म्हणजे वरणफळं, क्रेप म्हणजे घावन, रिसोट्टो म्हणजे गुरगुट्या भात. "त्यांनी त्याचा तोरा केला, आपण तो आजाऱ्याला वाढला, एवढाच फरक," असं ती म्हणते. मग जिन्नस मिळाला नाही म्हणून तिचं कधी अडत नाही. वाइनच्या जागी कोकमाचं आगळ, ऑलिव्हच्या जागी मिठातली करवंदं, आणि बेसिलच्या जागी गॅलरीतली तुळस. तुळशीसमोर हात जोडून ती रीतसर परवानगी घेते, "चार पानं घेते हं, मुलांसाठी आहेत." पण द्वादशीला तुळस तोडायची नसते, म्हणून द्वादशीला आत्याकडे पिझ्झा होत नाही. माझी मुलं एकदा ठाण्याच्या माजिवड्याहून खास पिझ्झासाठी एवढ्या लांब गेली आणि थालीपीठ खाऊन परत आली. "कॅलेंडर बघून येत जा रे," आत्याने उलट त्यांनाच सुनावलं.

तिचा ओव्हन हा त्या घरातला मानकरी. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो आणि दसऱ्याला काकांच्या स्कूटरच्या आधी त्याला झेंडूची माळ पडते. त्या ओव्हनमधून जे बाहेर येतं, त्याला नावं ठेवायची सोय नाही. एकदा तिने लांबलचक फ्रेंच पाव केला. तो सुरीने कापेना, हाताने मोडेना. शेवटी काकांनी वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला त्याचा अडसर लावला. आत्या शांतपणे म्हणाली, "तिकडे असंच असतं." हे तिचं ब्रह्मवाक्य. केक मधे बसला, तिकडे असंच असतं. सूप गार आलं, तिकडे असंच असतं. 'तिकडे' न गेलेल्या बाईशी वाद घालणार कसा, आणि तिकडे जाऊन आलेल्यांपैकी कुणी तोंड उघडलंच तर ती म्हणे, "तू हॉटेलात खाल्लं असशील. घराघरांतून असंच असतं."

या विश्वविजयी बाईला एकच किल्ला सर होत नव्हता, आणि तो तिच्याच बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसलेला असे. तिच्या सासूबाई. म्हातारी स्वभावाने गोड. सुनेला कधी टाकून बोलली नाही. पण आत्याने काही नवं केलं की ती त्याच्याकडे नुसतं बघे आणि म्हणे, "ठेव तिथे, मग बघते." ते 'मग' कधी उजाडलं नाही. बशी जशी गेली तशी परत येई. आत्या हसून ती आमच्यापुढे सरकवायची, पण मला ते हसू कळायचं. "माझं काही मागणं नाही रे," ती मला एकदा म्हणाली होती. "एकदा फक्त आईंनी खाऊन स्वतःहून अजून एक मागावं. मग मी सुटले."

त्यात चैत्रगौरीचं प्रकरण झालं. आत्याकडचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे अख्ख्या सोसायटीचं स्नेहसंमेलन. एका वर्षी तिने गौरीच्या आराशीत बिस्किटांचा झुकता मनोरा उभा केला. उकाड्याने बिस्किटं मऊ पडली, मनोरा ठरल्यापेक्षा जास्त झुकला आणि थेट गौरीच्या पाळण्यात पडला. कल्याणहून आलेल्या तिच्या नणंदबाई किंचाळल्या, "देवीच्या अंगावर इटली पाडलीस गं वहिनी!" पुढच्या वर्षासाठी फतवा निघाला. गौरीच्या दिवशी परदेश बंद. आंब्याची डाळ नणंदबाई स्वतः करून आणणार आणि आत्याने फक्त पन्हं आणि ओटीचे हरभरे बघायचे. सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत, म्हणजे मान्यच होतं. आत्याने क्रोशाचा रुमाल ओव्हनवर घट्ट ओढून घेतला.

फतव्याच्या त्या पहिल्या वर्षी मीही गेलो होतो. या समारंभात पुरुषांना आतल्या खोलीत बसवून द्रोण पुसायला लावतात. मी आणि काका ते इमानेइतबारे करत होतो. नणंदबाई उन्हाच्या, घामाने डबडबलेल्या आल्या. मोठा स्टीलचा डबा पोटाशी धरलेला. डाळ त्यांनी सकाळीच वाटून, कैरी घालून, झाकण गच्च लावून ठेवली होती. आणि मग ती डाळ चैत्राच्या उन्हात रिक्षातून पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये रखडत आली. ओट्यावर झाकण उघडलं तर वर फेस आणि घरभर आंबूस वास. नणंदबाईंचा चेहरा पाहवेना. "आता काय करू गं? बायका यायला लागतील. आईला काय सांगू? मीच हट्टाने म्हटलं होतं, मी करते म्हणून."

दुसरी कुणी असती तर तिने नणंदेला चार शब्द सुनावून या क्षणाचं सोनं केलं असतं. आत्याने खिडकी उघडली, डबा गॅलरीत नेऊन ठेवला आणि पदर खोचला. "आईंना काही सांगायचं नाही. वन्सं, पन्ह्यातून उरलेल्या कैऱ्या किसा. तू काय बघतोयस, कोथिंबीर निवड!" पातेल्यात रात्रीपासून भिजलेले हरभरे होते, अख्ख्या सोसायटीच्या ओट्यांना पुरतील एवढे. तिने ते पंच्यावर कोरडे केले आणि मिक्सरमध्ये भरडले. आलं, मिरची, जिरं, धणे, मूठमूठ कोथिंबीर आणि किसलेली कैरी. देवाचं म्हणून कांदा-लसूण नाही. पहिला घाणा कढईत पडला आणि आंबूस वास पार मागे हटला. "वहिनी, हे काय आहे?" नणंदबाईंनी भीत भीत विचारलं. "फलाफल," आत्या म्हणाली. "हरभरे भिजवून वाटायचे आणि तळायचे. तिकडे असंच असतं." आणि या खेपेस, मी नंतर फोनवर शोधून पाहिलं, तिकडे खरोखरच असंच असतं.

एवढ्यात बेल वाजली, आणि तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की ओटी भरायला एक हरभरा शिल्लक नाही.

"ओटीत काय घालायचं?"

"हेच."

"तळलेलं? पैठणीच्या पदरात?" नणंदबाईंना घेरीच यायची बाकी होती. त्या तडक आईकडे गेल्या आणि डाळीपासून सगळं कबूल करून मोकळ्या झाल्या. आत्या दारात झारा घेऊन उभी. सासूबाईंनी ऐकून घेतलं, गौरीकडे पाहिलं आणि विचारलं, "हरभरेच आहेत ना ते?"

"हो, आई."

"मग द्रोणात घाला आणि भरा ओटी. गरम आहेत म्हणावं, पदर जपा."

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. बायका एका हातात पन्हं आणि दुसऱ्या हाताने ओटीतला द्रोण सावरत बाहेर पडत होत्या, आणि जिन्यातच थांबून खात होत्या. खालच्या मजल्यावरच्या एक बाई तर "माझं कुंकू नीट लागलं नव्हतं" म्हणून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. काकांनी द्रोण पुसणं सोडून थेट कढईपाशी ठाण मांडलं. रिवाजाप्रमाणे आत्याने एक द्रोण सासूबाईंजवळही नेला. "ठेव तिथे, मग बघते," त्या म्हणाल्या. आत्या आत आली आणि शेवटचा घाणा काढू लागली.

गर्दी ओसरली. कढई रिकामी झाली. आणि बाहेरून हाक आली, "अगं, ऐकलंस का? ते गोळे आहेत का अजून?"

आत्याने गॅस बंद केला. "काय म्हणाल्या रे?" तिने मला विचारलं. तिला नीट ऐकू आलं होतं. तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं. "अजून मागतायत," मी म्हणालो. तिने भराभर सगळी भांडी उघडून पाहिली. एकही उरला नव्हता. इतक्या वर्षांची आस आणि ऐन वेळी हात रिकामे. आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हा नणंदबाई खाली मान घालून गॅलरीत गेल्या आणि घासूनपुसून ठेवलेला तो स्टीलचा डबा घेऊन आल्या. कल्याणला नेण्यासाठी त्यांनी त्यात गुपचूप मूठभर फलाफल काढून ठेवले होते.

सासूबाईंनी एक खाल्ला, मग आणखी एक. "कुठलं गं हे?"

"लेबनॉनकडचं, आई."

"असं का? म्हणजे तिकडेही चैत्रगौर बसवत असतील," त्या म्हणाल्या आणि तिसऱ्याला हात घातला. त्या संध्याकाळी आत्याच्या चालीत जी ऐट होती, ती जग जिंकून घरी आलेल्याच्याच चालीत असते.

त्यानंतर दर चैत्रात ओटीला फलाफलच राहिले. सासूबाई पुढे फारसं जेवेनाशा झाल्या, तरी त्या दिवशी खुर्चीतून हाक यायचीच. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. परवा वर्षश्राद्ध झालं. आत्याने सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कशातही इकडचं तिकडे नाही. पान वाढून झालं तेव्हा नणंदबाई स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, आईचे ते गोळे केलेस ना गं?" आत्याने केले होते. पण झाकून ठेवले होते. वाढायचा तिला धीर होत नव्हता. नणंदबाईंनी स्वतः दोन घेतले आणि पानात खिरीच्या शेजारी ठेवले.

गुरुजी पानाकडे वाकून बघत म्हणाले, "हे काय वाढलंय?"

"आमच्याकडे असंच असतं," नणंदबाई म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत वेताची खुर्ची अजून होती तिथेच आहे. एका बशीत आणखी एक फलाफल घेऊन आत्या तिथे गेली आणि तिने ती बशी खुर्चीवर ठेवली.