पातेल्यातली टरफलं

शहपुऱ्याच्या मटारांचा हिरवा वास आला, की मला एक अस्वलाचं पिल्लू आठवतं.

तेव्हा मी पंचेचाळीसचा होतो आणि माझ्या दराऱ्यानं, खोटं नाही सांगत, नर्मदासुद्धा दबकत वाहायची. कार्टून म्हणजे पोरखेळ, घरात बंदी! त्या रविवारी माझी पिंकी रडवेली झाली. ‘‘बाबा, एवढा सिनेमा पुरा पाहू द्या ना!’’

‘‘चलो, मटार सोलून होईपर्यंत,’’ म्हणत मी टीव्हीकडे पाठ करून सोलायला बसलो.

पाठ कधी वळली, देव जाणे. चित्रातलं अस्वलाचं पिल्लू बर्फात आईला शोधत होतं आणि इकडे हुडहुडी मला भरली होती. आई सापडली, तेव्हा मी ठोकलेल्या आरोळीनं पलीकडच्या गोहलपूर मोहल्ल्यातले कारखाने थांबले असतील.

बायको धावत आली. ‘‘अहो, काहून ओरडून राहिले? कार्टून पाहता?’’

‘‘छे! मटार सोलतोय.’’

तिनं पातेलं उचलून दाखवलं. त्यात नुसती टरफलं होती. पाच किलोंचे दाणे कचऱ्याच्या टोपलीत!

आजही मटार आले, की पिंकी विचारते, ‘‘बाबा, कोणता सिनेमा लावू?’’ मी ऐटीत टीव्हीकडे पाठ करून बसतो. पातेलं मात्र बायको स्वतःजवळ ठेवते.