उज्ज्वलाची चाल

मंगरूळपीरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली उज्ज्वला चालण्याच्या शर्यतीत उतरते. पळत नाही, चालते. हे ऐकून माणसं हसतात, याची तिला आता सवय झाली आहे. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो, टेकला पाय गुडघ्यात सरळ लागतो, आणि मग कंबर अशी डुलते की बघणाऱ्यानं हसू नये तर काय करावं? त्यातून पहाटे चालता चालता बाईसाहेब अर्थशास्त्राची उत्तरं मोठ्यानं घोकतात. शेजारच्या गिरजाबाईंनी एकदा विचारलंच, "पोरगी चालून राह्यली का कोनाशी भांडून राह्यली?"

यंदा तिची विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी निवड झाली. त्याच आठवड्यात पेपर आले, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून कामरगावचं स्थळही आलं.

"पोरगा चांगला हाय," आई म्हणाली. "जमलं तं हे चालनं-बिलनं बंद."

उज्ज्वलानं हातातला घास परत ताटात ठेवला. पेपर परत देता येतो, बंद झालेली चाल कोण परत देणार?

पाहुणे आले. मुलगा धीरज, भलताच गरीब चेहऱ्याचा, पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसला. नाव विचारून झालं, शिक्षण झालं, स्वयंपाक येतो का तेही झालं. मग त्याची आत्या रुपाबाई म्हणाली, "माय, जरा अंगनात चालून दाखव. पाय पाहून घेतलेले बरे."

उज्ज्वलाला राग आला. मग हसूही आलं, कारण चाल दाखव असं आजवर तिला कुणी म्हटलंच नव्हतं. 'हळू' अशी आईनं डोळ्यांनी खूण केली, ती तिनं पाहिली आणि सोडून दिली. ओढणी कमरेला बांधली, हात कोपरात दुमडले आणि निघाली. वांग्यांच्या वाफ्यापर्यंत जाऊन परतसुद्धा आली, तरी रुपाबाईंचा चमचा हवेतच होता.

"पाय तं धड हायेत," त्या म्हणाल्या. "पन आमची सून अशी चालली तं लोक हासतीन."

आईनं मान खाली घातली. उज्ज्वलानं बापाकडं पाहिलं. पुंजाजी पहाटे भाजी लिलावात विकायला हर्रासाला जात, त्यामुळे लेकीची चाल त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. नुसतं लोकांचं हसणं ऐकलं होतं. आता ते उठून ओट्याच्या कडेला आले होते.

"लोक हासतीनच," ते रुपाबाईंना शांतपणे म्हणाले. "पोरीले अमरावतीले स्पर्धेले जाचं हाय. सोयरिकीचं मंग पाहू."

मग लेकीकडं वळले.

"अजून एक चक्कर मार, माय. मले नीट पाहू दे."