सिएनीचे ऐंशी किलो

सिएनी एकावन्न वर्षांची, पाव भाजणारी, आणि अख्ख्या सावाई बेटावर तिच्याइतकं वजन डोक्याच्या वर उचलणारी तिच्या वयाची दुसरी बाई नाही. हे ती स्वतःच सांगायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तसदी घ्यावी लागत नसे. पहाटे नारळाच्या दुधातले पाव भट्टीत टाकायचे आणि दुपार कलली की चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन लोखंडाशी भांडायचं, असा तिचा बारा वर्षांचा नेम. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा ती त्या शेडमध्ये शिरली ती कायमचीच.

शेडमधली तिची जोडीदारीण रूता. रूता मासे विकायची आणि टोमणे फुकट वाटायची. सिएनीने वजनांच्या दांडीला हात घातला की ही समोर उभी राहून तिचा उद्धार करायला लागायची. कोपरं लोंबतायत, ढुंगण मागेच राहिलंय, पावासारखी नुसती फुगलीस. बाकीचे पाचसहा जण खदाखदा हसायचे आणि भिंतीचा पत्रा बडवायचे. त्या गोंगाटात सिएनी पंच्याहत्तर किलो सहज वर न्यायची.

एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने चुलत्यांजवळ, फिलीकाकांजवळ, कुरकुर केली. रूताच्या बडबडीने डोकं उठतं, जरा शांतता असती तर एव्हाना ऐंशी झाले असते. आता फिलीकाका गावच्या पंचांत बसतात, आणि कुणी सहज बोललेलं त्यांना सहज घेता येत नाही. सोमवारी पंचांनी ठराव केला की शेडमध्ये कुणी वजन उचलत असताना जो तोंड उघडेल, त्याने गावाला एक डुक्कर द्यावं.

ठराव मागे घ्या म्हणायचं, तर भर सभेत काकांना तोंडघशी पाडायचं. ते शक्यच नव्हतं. शेड चर्चपेक्षा गप्प झाली. रूता ओठ आवळून भिंतीला टेकून बसायची, आणि सिएनीला पहिल्यांदाच स्वतःच्या गुडघ्यांची करकर ऐकू येऊ लागली. दांडीपाशी उभं राहिलं की भलभलते विचार यायचे, पीठ पुरेल का, भट्टीचं दार लावलं का. पंच्याहत्तरसुद्धा जड जायला लागले. रूता दोन हातांवर बसलेली असूनही सिएनीला तिची आठवण यायची, आणि हे ती कोणत्या तोंडाने सांगणार?

असे तीन आठवडे गेले आणि तो शनिवार आला. परदेशात, सुवाला, प्रौढांच्या वजन उचलायच्या स्पर्धेला बेटावरून एकच बाई जाणार होती, आणि निवड करणाऱ्यांना ऐंशी किलोचा व्हिडिओ त्याच दिवशी पाठवायचा होता. सिएनी उभ्या आयुष्यात शेजारच्या बेटावरच्या आपिआ शहराच्या पुढे गेलेली नव्हती. तिला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं.

फिलीकाका चटईवर मांडी घालून पहाऱ्याला बसले. रूताने फोन धरला. पहिल्या खेपेला दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि पडली. दुसऱ्या खेपेला छातीपर्यंत आली आणि पडली. तिसऱ्या खेपेला सिएनीने ती खांद्यांवर घेतली, उठून उभी राहिली आणि तिथेच अडकली. आता नुसते हात वर सरळ करायचे राहिले होते. पण आपलं संपलं असं तिला स्पष्ट वाटलं.

"कोपरं," रूताच्या तोंडून गेलं.

फिलीकाकांनी बोट वर केलं. "एक डुक्कर."

रूताने डोळे मिचकावले. एका शब्दालाही डुक्कर आणि शंभर शब्दांनाही डुक्करच, हे तिच्या ध्यानात आलं.

"मग ऐकाच आता," ती म्हणाली. "कोपरं वर घे गं बये. तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून तुझं लोंबणं बघतेय मी. नाताळासाठी पोसलेलं डुक्कर गेलं माझं. आता ती दांडी टाकलीस ना, तर तुलाच भट्टीत घालीन. ढकल!"

सिएनीला भयंकर राग आला आणि भयंकर बरं वाटलं, आणि यातलं आधी काय ते तिला कळलंच नाही. ऐंशी किलो डोक्याच्या वर गेले आणि तिथे निमूट थांबले.

दांडी खाली आदळली तशी सगळ्यांनी पत्रा बडवायला सुरुवात केली. ठराव फक्त वजन उचलत असतानाचा होता, तेव्हा फिलीकाकांना काही म्हणता येईना.

रूताने मात्र व्हिडिओ लावून पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. तिचं सगळं भाषण शब्दन् शब्द त्यात आलं होतं, आणि निवड करणाऱ्यांत दोन पाद्री होते.

"आवाज काढून टाकू या," ती म्हणाली. "मोठी माणसं ऐकणार. काय म्हणतील मला?"

सिएनीने फोन तिच्या हातातून घेतला आणि व्हिडिओ होता तसा पाठवून दिला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी एकटीने उचललं असं वाटायला नको त्यांना."