मातीनंतरचा चहा आणि आमची मंडळी

मातीला गेलेली माणसं परत आली, हातपाय धुतले आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला, की आमच्यात कुणीतरी म्हणतंच, "तो किस्सा आठवतो का?" मग एकातून दुसरा निघतो. रडून लाल झालेल्या डोळ्यांनीच माणसं हसायला लागतात.

आमची मेथॉडिस्ट मंडळी तशी लहान. हिंगोलीच्या कडेला आमचं पत्र्याचं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पोरं पुण्याला, नांदेडला गेली. आता रविवारी वीस-पंचवीस डोकी जमली तरी पाळकसाहेब खुश! माणसं कमी होत चालली आणि किस्से मात्र साठत चाललेत. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर झाले. तरी सगळे मला सिस्टरच म्हणतात.

*

सगळ्यात जुना किस्सा माझ्या पणजीचा, साराबाईचा. पुसेगावच्या बाजूचं एक खेडं. तिथं गावातले लोक आमच्या लोकांना आधीही पाणी लांबूनच वाढायचे. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि तेही बंद झालं. मग चार घरांनी मिळून प्रार्थनेच्या झोपडीशेजारी विहीर खणली. पाणी लागलं!

पुढं एका वर्षी पाऊसच झाला नाही. गावची विहीर आटली. एका सकाळी गावातल्या बाया हंडे घेऊन आमच्या विहिरीपासून थोड्या अंतरावर उभ्या. पुढं यायला कुणी तयार नाही.

साराबाई म्हणाली, "भरा की पाणी. देवाचं हाय. पण पोहरा आमचाच टाकायचा. तुमचा आमच्या हिरीत चालायचा न्हाई!"

त्या उन्हाळ्यात अख्खं गाव आमच्या पोहऱ्यानं पाणी प्यालं. मग पाऊस झाला, गावच्या विहिरीला पाणी आलं, आणि त्याच बाया पुन्हा रस्त्याच्या पलीकडून चालायला लागल्या.

साराबाईनं पोहरा शेवटपर्यंत विहिरीच्या काठावरच ठेवला. "काहून?" विचारलं की म्हणायची, "लागंल कुणाला."

*

आमचे याकोबकाका म्हणजे बोलायला एकदम फटकळ. म्हशी पाळायचे, घरोघर दूध घालायचे. एकदा हॉटेलात कुणीतरी त्यांना डिवचलं, "तुमचा धर्म विलायती न व्हय?"

काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "म्हैस जवळा बाजारची. बायको सेनगावची. तकलीफ झाली की हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात. आता माझ्यात विलायती काय हाय, ते तुमीच शोधा!"

सगळं हॉटेल हसलं. त्या संध्याकाळी काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "सिस्टर, हसवलं की लोक सोडतात. पण रोज रोज हसवायचा कंटाळा येतो वो."

*

पाळक पाईकरावसाहेबांची प्रार्थना फार लांब. नाताळच्या जेवणाआधी त्यांनी सुरू केलं ते आपल्या गल्लीपासून. मग जिल्हा झाला, राज्य झालं, देश झाला. साहेब समुद्र ओलांडून गेले आणि मागून भात लागल्याचा वास आला.

"आमेन!" मार्थामावशी चुलीजवळून ओरडल्या. पोराबाळांसकट सगळे म्हणाले, "आमेन!"

साहेबांनी डोळे उघडले. "मावशी, अजून आफ्रिका राहिली."

"ती जेवल्यावर घ्या साहेब. भात करपून राहिला!"

*

ह्याच मार्थामावशी देवळात कायम दाराजवळ बसायच्या. एका रविवारी उपासना चालू असताना एक माणूस झोकांड्या खात आत आला. ओळखीचा नाही, पाळखीचा नाही. दारूचा भपकारा. आमच्या मंडळीत दारूला पहिल्यापासून सक्त मनाई. दोघंतिघं उठलेच त्याला बाहेर काढायला.

मावशींनी आपली सतरंजी सरकवली. "बसू द्या त्याला."

"मावशी, पिऊन आला त्यो!"

"दिसून राहिलं मला. माझा पोरगा अशोक बी असाच एका दारात पडला व्हता. लोक त्याला वलांडून गेले. सकाळी थंड झाल्यावर मला कळवलं."

उठलेले पुन्हा खाली बसले. तो माणूस मावशींच्या सतरंजीवर घोरत पडला. साहेबांनी त्या दिवशी प्रवचन हळू आवाजात केलं.

*

पाईकरावसाहेबांच्या पत्नी रूथबाई. देवळात पेटी नाही की तबला नाही. साहेब म्हणायचे, "उठा, गाऊ या," आणि रूथबाई सूर धरायच्या. त्यांच्यामागं आम्ही सगळे. त्यांच्या किडन्या गेल्या. नांदेडच्या चकरा झाल्या, आणि एका चकरेतून साहेब एकटेच परत आले.

माती झाल्यावरच्या रविवारी साहेब सवयीनं म्हणाले, "उठा, गाऊ या."

आम्ही उठलो. पहिला सूर कुणाचाच येईना. साहेब पुस्तकात बघत उभे. ओठ हलत होते, आवाज नाही. अशा वेळी सुरुवात केली कुणी? मार्थामावशींनी! सुराशी त्यांचा जन्मात संबंध नाही. पण धरला सूर, आणि आम्हीही तसंच ओढत नेलं ते गीत शेवटापर्यंत.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "मावशी, पार वाट लावली की गाण्याची."

"नीट गाणारी गेली साहेब. आता असंच ऐका."

*

आता शेवटचा. ह्या वर्षीचाच.

याकोबकाकांना एक धाकटा भाऊ, दानियल. तो पुण्यात टेम्पो चालवायचा. काही वर्षांमागं त्यांची आई वारली ती ऐन मे महिन्यात. दानियल निघाला, पण वाटेत गाडी बंद पडली. इकडं ऊन असं, की थांबायची सोय नाही. याकोबकाकांनी माती देऊन टाकली. दानियल पोचला तेव्हा लोक हात धूत होते.

"मला तिचं तोंड तरी बघू द्यायचं, दादा."

"उन्हाळा व्हता रे."

"माझी बी आई व्हती ती."

बास. तिथून दोघांचं बोलणं बंद. पुढं दानियल हिंगोलीला परत आला, दोन गल्ल्या सोडून राहायला लागला. रविवारी दोघंही देवळात यायचे. एक उजवीकडं, एक डावीकडं.

एकदा प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे सगळी मंडळी येशूच्या आठवणीत एकाच भाकरीतला घास घेते त्या दिवशी, साहेब हट्टाला पेटले. "हे दोघे भाऊ हात मिळवत न्हाईत, तोवर मी भाकर मोडणार न्हाई!" याकोबकाका उठून पुढच्या दारानं गेले. दानियल मागच्या दारानं गेला. साहेब टेबलाजवळ तसेच उभे. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दोघंही येत राहिले, एवढंच.

ह्या थंडीत एका सकाळी काकांनी म्हशीला वैरण टाकली आणि गोठ्यातच खाली बसले. मला बोलावलं तेव्हा नाडी नव्हती. दानियलला फोन मीच केला. ऐकून त्यानं फोन ठेवला.

आमच्यात कबर आपलीच माणसं खणतात. साहेब आणि मी जरा आधीच दफनभूमीत गेलो. बघतो तर दानियल खड्ड्यात, कमरेइतका खाली, घामानं निथळत होता. तरणी पोरं काठावर उभी होती. कुदळ तो कुणाच्या हातात देईना.

खड्डा खोल झाला. तरी तो थांबेना. आता दोन्ही बाजू कोरायला लागला.

साहेब वाकून हळूच म्हणाले, "दानियल, झालं बाबा. पेटी एवढी मोठी न्हाई. एवढी रुंद काहून करून राहिला?"

त्यानं वर बघितलं नाही.

"दादा हातपाय पसरून झोपतो, साहेब. लहानपणी मला रोज बाजेवरून खाली पाडायचा."

आणि त्यानं पुन्हा कुदळ मारली.