इंजिनाची जाळी

मंगळवार पेठेतल्या आपल्या दुकानात ख्वाजा मिस्त्रीनं भरमाप्पाच्या विहिरीवरचं इंजिन रॉकेलनं घासायला घेतलं. काळ्या वंगणाची पुटं निघाली, तसं खाली भरमाप्पाच्या बायकोनं, रत्नव्वानं, दसऱ्याला लावलेलं कुंकू दिसलं. महिन्यापूर्वी तिचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात गुंतला आणि ती जागच्या जागी गेली.

"मिस्त्री, हिरवा सोडून कसलाबी रंग मारा," भरमाप्पा म्हणाला. "ह्यो आता बघवत न्हाय."

ख्वाजा घासतच राहिला. हिरवा त्यानंच मारला होता, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पट्ट्यावर झाकण म्हणून बसायची लोखंडी जाळी तेवढी ओली राहिली होती. वाळली की आणून बसवतो, असं मोठ्या तोंडानं म्हणाला होता.

ती जाळी अजून त्याच्या पाठीमागं भिंतीवर खिळ्याला लटकत होती. भरमाप्पा मघापासून तिच्याकडंच बघत होता.