मिलानचं ते घर

गेल्या हिवाळ्यात जयपूरला आमच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये सकाळी आठपासून इटालियन बाया टाहो फोडायच्या. बाबांच्या फोनवर ऑपेरा चालू असे. एरवी नाट्यसंगीतापलीकडे कान न देणारा हा माणूस, तरुणपणी सांगलीच्या हौशी नाटकांना पेटीची साथ करायचा. ऑपेरा म्हणजे इटलीचं संगीत नाटकच, असं कुणीतरी सांगितलं आणि हे तिथल्या एका थोर संगीतकाराच्या मागेच लागले. डबे भरता भरता त्याचं चरित्र मला तोंडपाठ झालं.

"त्याच्या तिशीच्या आत दोन मुलं गेली, मग बायको," बाबा सांगायचे. "त्यातच विनोदी ऑपेरा अंगावर घेतलेला. तो साफ पडला. म्हणाला, आता एक सूर लिहिणार नाही."

"मग?"

"मग लिहिलं की! देश गमावलेल्या लोकांचं समूहगान. अख्खी इटली गायला लागली."

आई गेल्यापासून चार वर्षं बाबा माझ्याकडे होते. बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी अशा येरझारा चालायच्या. बसले की बोटं टेबलावर वाजायची. माझं डोकं उठायचं, आणि मीही ऑफिसातून आले की घरभर उगाच हे उचल, ते ठेव करत फिरायचे. बापाची लेक, दुसरं काय!

विमा कंपनीतल्या बाबांच्या बदल्यांमुळे आम्ही पाच गावं पालथी घातली. आमच्या घरचा एकच नियम होता, भाड्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, देव फळीवर, फोटो भिंतीला टेकवून. जयपूरला मी त्यांच्यासाठी कपाट रिकामं केलं, तरी त्यांचे कपडे बॅगेतच राहिले. आईचा फोटो टेबलावर भिंतीला टेकलेला. "लावून देऊ का?" म्हटलं की "राहू दे गं" म्हणायचे. मी लोकांना कौतुकाने सांगायचे, आमचे बाबा फार शिस्तीचे.

एका रविवारी पोहे खाताना ते म्हणाले, "ऐंशीच्या घरात त्यानं पुन्हा विनोदी ऑपेरा लिहिला, आणि या वेळी चालला. पण त्याला विचारलं, तुमचं सगळ्यांत चांगलं काम कुठलं, तर काय म्हणायचा? मिलानमध्ये म्हाताऱ्या गायक-वादकांसाठी बांधलेलं घर." मग त्यांनी खिशातून एक फॉर्म काढला. मिरजेजवळच्या वृद्धाश्रमाचा. "तिथे संध्याकाळी गाणं होतं. तबल्याला माणूस आहे, पेटीला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोक म्हणतील, पोरीनं बापाला आश्रमात टाकलं! इथे काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी काही नाही. मला काम नाही."

माझी लेक मध्येच म्हणाली, "मम्मी, आजोबांचे दोस्त इथे कुठे आहेत? मतलब, एक पण नाही."

आठवडाभर मी त्या इटालियन म्हाताऱ्यावर दात धरून होते. एकदा बाबांना सुनावलंच, "तो स्वतः एक दिवस तरी राहिला का तिथे? मी असेपर्यंत उघडू नका म्हणाला, आभार नकोत म्हणून!"

"राहिला नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "पण शेवटी पुरलंय तिथेच. दुसऱ्या बायकोशेजारी."

मिरजेचं तिकीट मीच काढलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "हातोडी असली तर दे गं. आणि एक खिळा."

"आता जाताना इथे काय ठोकताय?"

"इथे नाही, तिकडे. हिचा फोटो लावायचाय."

तोंड दिसू नये म्हणून मी वळून ड्रॉवर उघडला. फार लागलं मला ते. सगळे ड्रॉवर उपसले, माळा बघितला. नऊ वर्षं या घरात राहतोय, घर माझ्या नावावर आहे, आणि आमच्याकडे हातोडीच नव्हती.

तशीच स्कूटर काढून राजा पार्कच्या बाजारात गेले. दुकानातल्या भैयाला दोन हातोड्या मागितल्या. एक बाबांच्या बॅगेत गेली. दुसरी अजून कागदात गुंडाळलेलीच आहे. मी रोज ऑफिसातून येते आणि भिंती बघत घरभर फिरते.