अक्काच्या पेनाचं टोपण

मेलेल्यांची मोजणी करणाऱ्या बायकांकडं हसण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. आमच्याकडं पोतंभर हाय. रोज दहा दारं वाजवायची म्हटल्यावर दर दाराला काहीतरी घडणारच की.

इचलकरंजीला यंत्रमागवाल्यांची साठ घरांची वस्ती. सर्व्हेला आम्ही दोघी, सुशीलाअक्का आणि मी. मी चौथी पास, अक्का सातवी, म्हणून पेन तिच्याकडं. वर एक पोरसवदा मॅडम. बाईला लेकरं किती झाली, किती राहिली, घरातलं कोण कितव्या वर्षी वारलं, एवढं लिहायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मोठ्या शहरात एक सुटलं तर खपतं. साठ घरांत एक लेकरू सुटलं तर सगळं गणित खोटं. वस्तीला नर्स मिळणार की नाही, ते यावरच ठरणार आहे."

अक्का पेनाचं टोपण दातात धरायची. उत्तर पुरतं मिळाल्याशिवाय टोपण लावायची नाही. समोरची गप्प बसली, तर ही पण गप्प.

*

एका म्हाताऱ्यानं वय सांगितलं एकशे दहा. वर म्हणाला, "गावचा जुना पूल बांधताना मी दगड वाहिल्यात."

आतनं म्हातारी ओरडली, "पावणं, दगड ह्याच्या बानं वाहिलं. ह्यो भाकरी घिऊन जायचा."

अक्कानं पंच्याऐंशी लिहिलं. म्हातारा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही.

*

एका बाईनं नवरा वारला म्हणून लिहायला लावलं. पुढच्या गल्लीत एका माणसानं पाणी दिलं. नाव विचारलं, तर तेच! दुसरा संसार मांडून बसलेला. आम्ही माघारी गेलो.

"अगं, जिता हाय की त्यो."

"माझ्यापुरता मेलाय. खोडायचं न्हाई."

मॅडमनी बघेपर्यंत तो बाबा चार दिवस मयत होता.

*

मॅडम बायकांना सरासरी आयुष्य समजावत होत्या. इथं जन्मलेलं मूल साधारण इतकी वर्षं जगेल, असं. म्हातारी सोनाबाई बोटं मोजून म्हणाली, "मग माझी वर्षं कवाच संपली. आता कुणाची खातोय मी?"

अक्का म्हणाली, "जी लवकर गेली, त्यांची."

"व्हय," सोनाबाई म्हणाली. "माझीच दोन हायत त्यात."

*

त्या दोन लेकरांवरनंच मी मॅडमशी भांडले. बारसं व्हायच्या आधी गेलेल्या लेकराला नाव नसतं. मॅडम म्हणाल्या होत्या, नुसतं 'बाळ' लिहा. सोनाबाईची दोन्ही तशीच गेलेली. आम्ही लिहिलं बाळ आणि खाली परत बाळ. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला वाटलं, एकच दोनदा लिहिलंय. त्यानं एक उडवलं.

मी टेबलावर हात आपटला. "तिनं पोटात दोन वाढवली. तुमच्या मशिनला एकच दिसतंय व्हय?"

अक्का उन्हात तशीच माघारी गेली, सोनाबाईपुढं बसली आणि म्हणाली, "नावं ठेव."

सोनाबाईनं ठेवली. चाळीस वर्षांनी. मग शेजारणी आपणहून दारात येऊन आपापल्या गेलेल्या बाळांची नावं सांगायला लागल्या.

*

आता पेनाऐवजी टॅबलेट आलाय. वस्तीत दर मंगळवारी नर्स येते. अक्का जयसिंगपूरला लेकीकडं असते. फोन केला की अजून विचारते, "कुणी सुटलं न्हाई न्हवं?"

सोनाबाईच्या वस्तीनंतर सर्व्हे आमच्या वस्तीत आला होता. आपलं घर आपण लिहायचं नाही असा नियम, म्हणून माझ्या दारात अक्का बसली.

"लेकरं किती?"

"दोन." दोघंही तिच्या ओळखीची.

चहा दिला. तिनं टोपण काढून ठेवलं, चहा प्याली, टोपण परत दातात.

"झालं की अक्का. ऊठ आता."

ती उठेना. शेजारी माग खडखडत होता. कप विसळून आल्यावर मी म्हणाले, "तीन."

"नाव?"

"रेणुका." लगेच सांगितलं.

अक्कानं लिहिलं, मोठ्यानं वाचलं. आमचे मालक आत दाढी करत होते. बावीस वर्षांत त्यांनी हा विषय काढला नव्हता, मीही नाही. तोंडाला फेस तसाच घेऊन ते दारात आले.

"अक्का," म्हणाले, "तिच्या नावाफुडं माझं नाव लावा की."